‘लेवांते’ या शब्दावर उभं राहणारं गाव

तोरेमोरा, १२ मे १९८३

आगेदा,

हे पत्र फाडायचंच असेल तर खुशाल फाड, पण त्याआधी एक काम कर. ‘ब्राथोस’ आणि ‘पासोस’ हे दोन शब्द मोठ्याने म्हण. बाहू आणि पावलं. आधी तू म्हण, मग तुझ्या नवऱ्याला, आन्सेल्मोला म्हणायला लाव, जमलं तर शेजारणीलाही. तुमच्या कादिझमध्ये या दोन शब्दांचं यमक जुळतं का, एवढंच मला हवं आहे. आमच्याकडे जुळत नाही हे तुला ठाऊक आहे. आम्ही पहिल्या शब्दात जीभ दातांत धरतो आणि दुसऱ्यात मोकळी सोडतो. तुम्ही तिकडे काय करता?

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. इतक्या वर्षांनी एकदम प्रिय लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. आई बरी आहे. माझं तंबाखूचं आणि टपाल-तिकिटांचं दुकान चालू आहे, त्यामुळे तिकीट नव्हतं म्हणून पत्र लिहिलं नाही, अशी सबब मला कधीच सांगता आली नाही.

कारण सांगते. आपल्या नाटकाचं पुस्तक काढायला विद्यापीठातून एक प्राध्यापक गेल्या वर्षापासून येतायत. डॉन एवारिस्तो. माणूस साधा आहे, पण पहिल्याच दिवशी पिवळा स्वेटर घालून नाटकाच्या अंगणात शिरायला निघाला. मी दारातच आडवी झाले. ‘‘अहो, पिवळं घालून रंगमंचावर? आमचं वाटोळं करायला आलात का?’’ आतून आई ओरडली, ‘‘कोणता रंग घातलाय गं त्याने?’’ बिचाऱ्याने मुकाट्याने स्वेटर काढला आणि दिवसभर शर्टावर कुडकुडत बसला. नाटकावर पुस्तकं लिहितात आणि एवढं माहीत नसतं.

ते फादर ओतेरोंची ‘तीन दारांची सराय’ ओळ न् ओळ बोटांवर मोजतात. आठ अक्षरं, आठ अक्षरं, आठ अक्षरं. तिसऱ्या अंकात लिओनार्दा निरोपाचं बोलून घर सोडते तिथे आले आणि बोटं थांबली. म्हणाले, ‘‘हा निरोप फादर ओतेरोंचा नाही.’’

मी म्हटलं, ‘‘तीनशे साठ वर्षं त्यांचाच आहे.’’

‘‘ओतेरो याच गावचे. कास्तीयाचा, म्हणजे तुमच्या या मुलखाचा माणूस ब्राथोसला पासोस जोडणं शक्यच नाही. त्याच्या कानाला ते टोचेल. नंतर कोणीतरी घुसडलेली मोर्थिया आहे ही.’’

नगराध्यक्ष सातुर्निनो शेजारीच उभा होता. तुला आठवत असेल, त्याच्या मांसाच्या दुकानात मोर्थिया, रक्ताची सॉसेजं, टांगलेली असतात. तो एकदम खूश. ‘‘म्हणजे आमच्या मोर्थियाची कीर्ती विद्यापीठापर्यंत गेली?’’ मग त्याला समजावून सांगावं लागलं, की नाटकवाल्यांच्या बोलीत नटाने लेखकाच्या ओळींत स्वतःच्या पदरच्या ओळी भरल्या, की त्याला मोर्थिया म्हणतात. आतड्यात रक्त आणि कांदा ठासावा तशा. ऐकून सातुर्निनोचं तोंड पडलं.

पुढची गंमत कमी आहे. प्रांताच्या मोठ्या नाट्यमहोत्सवाने आपल्याला बोलावलंय, पण ‘शुद्ध’ प्रत करणार असाल तरच. शुद्ध म्हणजे निरोप वगळून. ऑगस्टमध्ये नगरसभा ठरवणार. होकार गेला तर या सप्टेंबरच्या जत्रेपासूनच लिओनार्दा काही न बोलता दारातून चालती होईल. पन्नाशीला टेकले तरी पळून जाणारी पोरगी अजून मीच आहे, तेव्हा चालती मीच होणार.

तर ते दोन शब्द म्हणून बघ, आणि कळव.

ब्रिखिदा

तोरेमोरा, २ जून

आगेदा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘‘दोन्ही सारखेच. का?’’ तीनच शब्द, पण तुझ्या हातचे. खाली कोपऱ्यात लिहिलंस, की तुमच्या गल्लीत दोन्हीत ‘स’ म्हणतात आणि खाडीपलीकडे दोन्हीत जीभ दातांत धरतात, म्हणजे यमक दोन्हीकडे जुळतं. हे वाचून डॉन एवारिस्तो खुर्चीतून उठले आणि परत बसले. म्हणाले, ‘‘तुमच्या बहिणीला आणखी काही विचारता येईल का?’’ मी म्हटलं, विचारता येईल, उत्तराची खात्री नाही.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

‘का’ विचारलंस, तर ऐक. मला आता या माणसाचा राग येईनासा झालाय, आणि त्याचाच मला राग येतोय. निरोप ओतेरोंचा नसेल, तर मग कोणाचा? हा किडा डोक्यात शिरलाय तो निघत नाही. दुकानात गिऱ्हाईक काड्यापेटी मागतं आणि मी त्याच्या हातावर तिकिटं ठेवते.

नाटक म्हणजे एकाने लिहिलं आणि ते लिहिलं तसंच राहिलं, असं मी आजवर समजत होते. डॉन एवारिस्तो कांद्यासारखे त्याचे पापुद्रे काढून दाखवतात. अगदी तळाशी म्हणे नाटकच नाही, नुसती गाणी. बायका लोकर कातताना म्हणायच्या ती, आठ अक्षरांची, एक ओळ सोडून एक तोच सूर धरणारी. आई अजूनही भाजी निवडताना म्हणते ना, कैदी आणि पक्ष्याचं, तसली. कोणी लिहिली कोणालाच ठाऊक नाही. त्यावर इटलीहून आलेली लांब ओळ बसली, अकरा अक्षरांची, दरबारी. ओतेरोंनी दोन्ही वापरल्या. म्हणून आपल्या नाटकात राजा बोलायला लागला की वाक्य संपत नाही आणि नोकर चटचट बोलतो. मला वाटायचं, राजाचं काम नेहमी सातुर्निनोच्या घरात असतं म्हणून ते लांबतं.

मग विग घातलेले लोक आले. त्यांनी ठरवलं, सगळं एका दिवसात आणि एका जागी घडलं पाहिजे. तीनांतलं एक दार त्यांनी बुजवलं. नंतरच्या शतकाला वादळ आणि स्मशान हवं होतं, तेही घातलं. त्यानंतर गाण्याच्या नाटकांची लाट आली, तेव्हा दुसऱ्या अंकात दारुड्यांचा कोरस आला. तो मात्र ओतेरोंचा नाही हे कळल्यावरही गावात कोणी डोळ्यांतून पाणी काढलं नाही.

आणि युद्धानंतरचा सेन्सॉर आठवतो का? त्याला लिओनार्दा प्रियकराबरोबर पळते हे चालेना. त्याने लाल पेन्सिलीने प्रियकराचा भाऊ केला. म्हणजे आपण लहान होतो तेव्हा लिओनार्दा सख्ख्या भावाच्या गळ्यात पडून, त्याच्यासाठी झुरून, त्याच्याबरोबर घोड्यावरून निघून जायची. लोक टाळ्या वाजवायचे. पाद्री पहिल्या रांगेत. फक्त आई पडद्यामागे ओळी सांगताना पुटपुटायची, ‘‘हे यांचं शुद्ध!’’

एवढ्या हातांतून गेलं, पण निरोपाला कोणी बोट लावलं नाही. विगवाल्यांनी नाही, सेन्सॉरनेही नाही. सगळ्यांत जुन्या प्रतीत तो नाही. आंधळे लोक दोरीवर लटकवून विकायचे त्या छापील चोपड्यांत, दोनशे वर्षांपूर्वीच्या, तो आहे. मधे कोणीतरी येऊन गेलं. तुझ्यासारखं ‘स’ बोलणारं कोणीतरी, इथे, या धुळीत. मला ते माणूस हवंय.

ब्रिखिदा

ता. क. तू आता मोर्सिया म्हणत असशील. म्हण बापडी.

तोरेमोरा, २० जून

आगेदा,

उत्तर नाही. ठीक आहे. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला विचारणार?

डॉन एवारिस्तोंचं म्हणणं, तुमच्या बहिणीने अख्खा निरोप एकदा मोठ्याने म्हणावा आणि कुठे काय अडतं ते सांगावं. मी म्हटलं, तिला तो पाठ आहे. मग वाटलं, नसेलही. विसरायचं ठरवलं असशील. म्हणून खाली आठवण करून देते. सगळा नाही, मधला भाग.

‘दार लाव, पण कडी नको. अंगणातली माझी पावलं मोजू नकोस. ज्या बाहूंनी मला धरायचं, ते कोपरापर्यंत पिठात आहेत. चादरी आपणहून दोरी सोडतील, शहाणी माणसं कारण नसताना भांडतील, मीठ भिंतीवर चढेल. उठेन तेव्हा जाईन.’

आणि इथे, ‘क्वांदो लेवांते’, उठेन तेव्हा, असं म्हणताच, लिओनार्दा बाकावरून उठते आणि तिच्याबरोबर सगळं अंगण उठतं. वरच्या सज्जातल्या बायका, खालचे पुरुष, काठीवाले म्हातारे. हे मी तुला सांगतेय! पण डॉन एवारिस्तोंनी गेल्या वर्षीच्या जत्रेत ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांना वाटलं आग लागली. ते पळत दरवाजापर्यंत गेले होते. आता हसतात, पण म्हणतात, इतर कुठल्याही गावात प्रेक्षक असे उठत नाहीत. एका क्रियापदावर सातशे माणसं उठतात, हे त्यांना कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

मला काय खटकतं सांगू? मीठ. भिंतीवर मीठ कशाला चढेल? आमच्याकडे मीठ बरणीत असतं. इतकी वर्षं मी ती ओळ म्हणते आणि कधी विचार केला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘काव्य आहे ते. काव्याला विचारायचं नसतं.’’

आई बरी आहे.

ब्रिखिदा

तोरेमोरा, ९ जुलै

आगेदा, बाई गं,

तुझं पत्र मी काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि मोठ्याने हसले. मग दुकान बंद केलं आणि आतल्या खोलीत बसून पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

‘‘ब्रिखी, तुम्ही सगळे ठार वेडे आहात. लेवांते म्हणजे वारा. पूर्वेचा. आत्ता इथे तोच सुटलाय. माझ्या दोन चादरी दोरीवरून उडून गेल्यात, एक सापडली. आन्सेल्मो सकाळपासून मासे तळता तळता गिऱ्हाइकांशी भांडतोय, आणि दुकानाच्या भिंतीवर मीठ फुललंय ते मी खराट्याने खरवडतेय. लेवांते सुटला की इथे न्यायाधीशसुद्धा गुन्हेगाराला म्हणतात, जा, वारा होता. तुमची लिओनार्दा उठत नाहीये. ती वाऱ्याची वाट बघतेय.’’

हे मी डॉन एवारिस्तोंना वाचून दाखवलं. ते बोटं मोजायला लागले. ‘क्वांदो एल लेवांते,’ म्हणजे वारा येईल तेव्हा. मग ‘एल’ काढून, ‘क्वांदो लेवांते,’ म्हणजे उठेन तेव्हा. दोन्ही वेळा आकडा तोच. ‘एल’मधला ‘ल’ लेवांतेच्या ‘ल’मध्ये विरघळतो आणि ‘ए’ आधीच्या ‘ओ’मध्ये, त्यामुळे कानाला फरक कळतच नाही. ‘वारा आला की जाईन’ असं कोणीतरी म्हटलं, आणि ज्या गावात समुद्र नाही त्या गावाने ऐकलं, ‘उठेन तेव्हा जाईन.’ आणि उठलं. दोनशे वर्षं उठतंय!

‘‘मी वर्षभर यमकाकडे बघत राहिलो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि वारा माझ्या नाकासमोर होता.’’ मग लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. त्यांचा अंदाज असा: पूर्वेचा वारा कादिझच्या खाडीतून जहाजं बाहेर ढकलतो, अमेरिकेच्या वाटेवर. तिकडे लिमाला, मेक्सिकोला नाटकमंडळ्या जायच्या. अशाच कुठल्या मंडळीतली कोणी कादिझची नटी आपल्या गावात खेळ करून गेली असेल, आणि ओतेरोंच्या मुक्या लिओनार्दाला तिने बोलतं केलं असेल. स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या वाऱ्यात. नाव नाही, पुरावा नाही. ‘‘अंदाज आहे हो,’’ असं ते सारखं म्हणतात, आणि सारखं डोळे पुसतात.

आता तुझ्या पत्राचा शेवटचा भाग. तो मी त्यांना वाचून दाखवला नाही.

‘‘आणि त्या दिवशी मी विसरले नव्हते. तुम्ही सगळे तसंच समजलात. मला उठावंसं वाटलं नाही. ती बाई वाट बघत होती. वाट बघणारं माणूस कशाला उठेल?’’

मी त्या दिवशी पडद्याआड तुझा शेला धरून उभी होते. तू बसून राहिलीस. सगळं अंगण उठलं आणि तू बसलेली. सज्जातून कोणीतरी फिदी फिदी केलं, आणि मग आईचा आवाज. पडद्यामागून ओळ सांगायची तर ती फक्त नटाला ऐकू जावी, ही तिची आयुष्यभराची शिस्त. त्या दिवशी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, ‘‘ऊठ, गाढवे!’’ जत्रेतली सगळी माणसं हसली. तू उठलीस आणि जी चालायला लागलीस ती रंगमंच उतरून, अंगणातून, लिओनार्दाच्या कपड्यांतच बसच्या थांब्यापर्यंत. आन्सेल्मो मागून पळत आला म्हणून बरं, तुझ्याकडे तिकिटालाही काही नव्हतं.

म्हणजे या सगळ्या गावात, दोनशे वर्षांत, तो निरोप एकटीने बरोबर म्हटला. आणि तिला आपण गाढव म्हटलं.

मी हे आईला अजून सांगितलेलं नाही.

ब्रिखी

तोरेमोरा, १७ ऑगस्ट

आगेदा,

नगरसभेत काल निरोपाचा निकाल लागला, तो आधी सांगते. डॉन एवारिस्तो स्वतः उठून म्हणाले, की हा निरोप काढा असं मी लिहिलं होतं, ते मी मागे घेतो. ओतेरोंचा नसला म्हणून काय झालं, इतका चांगला तुकडा कोणीतरी या गावाला दिला आणि गावाने तो जपला. महोत्सवाला हे चालणार नसेल तर मी त्यांना समजावीन. सातुर्निनोने टेबलावर मूठ आपटली. ‘‘माझ्या दुकानातली काय आणि नाटकातली काय, तोरेमोराची मोर्थिया राहणार!’’ निरोप राहिला.

पण सुंठीवाचून खोकला जातो थोडाच? आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, वारा असला तर असला, आमचे आजे-पणजे उठले, आम्हीही उठणार. दुसरा म्हणतो, अर्थ कळल्यावर उठणं म्हणजे मूर्खपणा. चर्चच्या पायऱ्यांवर उठणारे आणि बसणारे एकमेकांशी बोलत नाहीत. पाववाली उठणारी आहे आणि तिचा नवरा बसणारा. सकाळी पाव करपलेला मिळतो. तुमचा वारा इथपर्यंत आलाय असं समज.

लिओनार्दाने काय करायचं ते माझ्यावर सोडलंय.

आता आई. मी प्रत्येक पत्रात लिहिलं की आई बरी आहे. आई बरी नाही. दोन वर्षांपासून तिला दिसत नाही, उजेड कळतो फक्त. मार्चपासून चालता येत नाही. डोकं कधी लख्ख असतं, कधी ती युद्धाआधीच्या काळात असते. निळे डगले घातलेले विद्यार्थी ट्रक घेऊन आले होते आणि चौकात फळ्या टाकून त्यांनी नाटक केलं होतं, त्यांना भाकरी बांधून दे म्हणून मला सांगते. कान मात्र शाबूत आहेत. शेजारच्या खोलीत कोणी नाटकातली ओळ चुकलं तर झोपेतून दुरुस्त करते.

तुला हे आधी कळवलं नाही, कारण तू दयेपोटी यावंस असं मला नको होतं. आता वाटतं, दयेपोटी का होईना. डॉक्टर म्हणतात, हिवाळा काढणं कठीण.

वाऱ्याचं मी तिला सांगितलं. एका सकाळी, ती लख्ख असताना. तिने मला ओळ म्हणायला लावली, ‘एल’ घालून, ‘एल’ काढून, पुन्हा घालून. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, ‘‘मग ती बरोबर होती.’’ मी म्हटलं, हो. तेव्हापासून गाडी आली की विचारते, कोण उतरलं?

जत्रा आठ सप्टेंबरला आहे. निरोप तू म्हण. खरं सांगते, माझ्या तोंडात त्याचं यमक जुळत नाही, कधीच जुळलं नाही. तुझ्या तोंडात जुळेल. नसेल म्हणायचं तर नुसती ये. आन्सेल्मोला आण, दुकान दोन दिवस बंद ठेवलं तर कादिझ काही उपाशी मरत नाही.

ब्रिखी

तोरेमोरा, ९ सप्टेंबर

आगेदा,

काल दुपारची गाडी आली, त्यात दाण्याचा व्यापारी होता आणि पाववालीची भाची होती. संध्याकाळच्या गाडीत कोणीच नव्हतं. मी रागावलेले नाही. पत्र उशिरा मिळालं असेल, किंवा वेळेत मिळालं असेल. पण काल जे झालं त्यातलं काही तुझं आहे आणि ते माझ्याजवळ राहिलंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

आईला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं आणि सज्जाखाली भिंतीला लागून बसवलं. तिसऱ्या अंकापर्यंत तिचे ओठ हलत होते, सगळ्यांच्या ओळी म्हणत होती. मी बाकावर जाऊन बसले. तोपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. उठावं की बसावं एवढाच विचार मी महिनाभर केला होता. समोर सगळं गाव आपापली टोपी सावरून माझ्याकडे बघत होतं.

आणि तोंड उघडलं तर माझ्या तोंडून तुझी बोली आली.

ती मला कुठून येते असं तुला वाटेल. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला फोन वाजतो, तू ‘‘बोला’’ म्हणतेस आणि पलीकडचं माणूस ठेवून देतं ना, ते माणूस मी. एवढ्या वर्षांत थोडं थोडं करून आवाज जमा झाला. मी म्हटलं, पासोस. म्हटलं, ब्रासोस. खालून कोणीतरी खुदकन हसलं, ‘‘ही कधीपासून दक्षिणेची झाली?’’ पण यमक जुळलं गं. त्या अंगणात कित्येक वर्षांनी पहिल्यांदा जुळलं, आणि हसणारा गप्प झाला. चादरी, भांडणं, मीठ, सगळं पुढे आपोआप आलं. मग मी म्हटलं, ‘क्वांदो एल लेवांते,’ आणि बसून राहिले.

उठणारे सवयीने उठले. मी बसलेली बघून बाक कुरकुरत एकेक जण खाली बसला. सातुर्निनो मात्र टोपी छातीशी धरून उभाच. कोणी हसलं नाही. मी कशाची तरी वाट बघत होते आणि सगळेच माझ्याबरोबर बघत होते. भिंतीपाशी आई मोठ्याने म्हणाली, ‘‘आगेदा.’’

नाटक संपल्यावर मी तिच्याकडे गेले. निरोप म्हणणारी मीच होते हे सांगायलाच गेले होते. तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि मला बोलूच दिलं नाही. ती जे बोलली ते शब्द न् शब्द लिहिते, कारण ते माझं नाही.

‘‘आलीस. बसून राहिलीस, बरं केलंस. त्या दिवशीही बरं केलं होतंस. मी ओरडायला नको होतं पोरी. शब्द मला सगळे पाठ होते, पण कळले नव्हते. गाव हसलं ते माझ्यामुळे. तू जाताना मी पडद्यामागून बाहेर यायला हवं होतं, मी पुढच्या माणसाची ओळ सांगत बसले.’’

ती रडत नव्हती. तुला ठाऊक आहे, ती रडत नाही. तिने माझ्या तोंडाच्या दिशेने कान केला आणि विचारलं, ‘‘अजून रागावलेली आहेस का माझ्यावर?’’

आसपास निम्मं गाव होतं. पाववाली तोंडावर हात ठेवून उभी होती. कोणी माझं नाव घेतलं नाही. मी तुझ्या आवाजात म्हटलं, ‘‘नाही, आई.’’

हे दोन शब्द मी तुला न विचारता बोलले. ते तुझे आहेत की नाहीत, मला माहीत नाही. नसतील तर तू इथे येऊन तिला तसं सांग. तो तुझा हक्क आहे. माझ्याने ते सांगवणार नाही.

रात्री ती मजेत जेवली. आज सकाळपासून दोनदा विचारून झालंय, आगेदा उठली का? मी म्हटलं, झोपू दे तिला आई, लांबच्या प्रवासाने दमलीय.

ब्रिखी